व्हिडिओ खेळांचे आकर्षण

इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या पडद्यावरील प्रतिमांचे नियंत्रण करून, ठराविक नियमांनुसार खेळल्या जाणाऱ्या खेळांस व्हिडिओ खेळ म्हणतात. त्यांपैकी काही खेळ असंख्य खेळाडूंना वर्षानुवर्षे खिळवून ठेवतात, तर त्यांहून देखणे व खर्चिक खेळ अल्पावधीत विस्मृतीत जातात. याचे कारण चित्रांच्या सफाईत शोधण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रातील या खेळांचा इतिहास पाहता तो फारसा टिकत नाही. आपल्याकडे जे खेळ रुजले, ते मुख्यतः सोबतीमुळे आणि हाती असलेल्या वेळेत व पैशांत बसल्यामुळे रुजले.

खेळाच्या ओढीचे मूळ अर्थातच यंत्राहून जुने आहे. नाणेघाटासारख्या प्राचीन व्यापारी मार्गावरील खडकांत खेळांचे पट कोरलेले आढळतात. वाट पाहण्यातला वेळ आणि सोबतीला कोणीतरी, एवढ्या सामग्रीवर ते खेळ चालत असावेत. सोंगट्यांच्या खेळात कवड्यांचे दान दैवाधीन असले, तरी कोणती सोंगटी पुढे न्यावी हे खेळाडूच ठरवितो. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटात मात्र सर्व भार दानावरच असतो. फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा याने १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे चार वर्ग केले. दैव आणि स्पर्धा यांचे मिश्रण सोंगट्यांत जसे साधले आहे, तसे ते फार थोड्या खेळांत आढळते.

‘पाँग’ (१९७२) या अमेरिकी खेळात पडद्यावर दोन फळ्या व एक चेंडू यांपलीकडे काही नव्हते. तरीही तो लोकप्रिय झाला, कारण समोर दुसरा माणूस होता. जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या खेळात शत्रूंची संख्या घटली की उरलेले शत्रू अधिक वेगाने येत. यंत्रावरील चित्रे रेखाटण्याचा भार कमी झाल्याचा हा परिणाम होता. पण खेळ क्रमाने अवघड होत जातो, ही त्यातील गंमत ओळखून तोमोहिरो निशिकादो या त्याच्या कर्त्याने तो तसाच राहू दिला. पुढे टॉमस मॅलोन या अमेरिकी संशोधकाने मुलांच्या आवडीचा अभ्यास करून १९८० च्या सुमारास आव्हान, कल्पनाविश्व आणि कुतूहल ही आकर्षणाची कारणे सांगितली. सोबतीला त्याच्या त्या मांडणीत स्वतंत्र स्थान नव्हते, ही उणीव भारतीय वाचकास सहज जाणवते.

महाराष्ट्रातील शहरांत हे खेळ प्रथम तासावर पैसे घेणाऱ्या व्हिडिओ गेम पार्लरांतून आणि नंतर दूरचित्रवाणी संचास जोडावयाच्या स्वस्त यंत्रांतून पसरले. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या यंत्राच्या या बहुतांशी नकला होत्या. ‘९९९९ इन १’ असे मिरविणाऱ्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ फिरून फिरून येत, हे कळायला मुलांना एक सुटी पुरे होई. तरीही ‘काँट्रा’सारखा खेळ टिकला, दोन खेळाडू एकाच बाजूने लढू शकत, ही त्याची खुबी होती. इंटरनेटचा प्रसार झाल्यावर सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ आला. ‘क्रिकेट ०७’ या खेळाची कथा तर अधिक बोलकी आहे : कंपनीने पुढील आवृत्ती काढली नाही, तेव्हा खेळाडूंनीच संघ, नावे व गणवेश बदलून तो वर्षानुवर्षे चालू ठेवला.

भ्रमणध्वनीने खेळ खिशात आला. नोकियाच्या संचांवरील ‘स्नेक’ (१९९७) मुख्यतः एकट्याने खेळला जाई. पण डाव काही मिनिटांत संपे आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नसत. पुणे–लोणावळा उपनगरी गाडीतील प्रवास या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. बेगडेवाडी व तळेगाव यांच्यामधील घोरावाडीसारख्या लहान स्थानकावर चढणाऱ्या प्रवाशाच्या हाती अर्ध्या-पाऊण तासाचा वेळ असतो. पूर्वी मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्त्यांचा डाव पडे. आता एकाच भ्रमणध्वनीभोवती चौघे लुडो खेळताना दिसतात. नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीने २०१६ मध्ये काढलेला ‘लुडो किंग’ इंटरनेटची जोडणी नसतानाही असा खेळता येतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे या गाड्या थांबल्या आणि तोच खेळ घराघरांत, दूरच्या नातेवाइकांशी खेळला जाऊ लागला. त्याची लोकप्रियता त्या काळात कमालीची वाढली. पचिसीपासून इंग्लंडमध्ये घडलेला आणि तेथे १८९६ मध्ये एकस्वाधिकार मिळालेला लुडो अशा रीतीने पडद्यावरून पुन्हा घरी आला. त्याची चित्रे साधी आहेत, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

‘पबजी मोबाइल’ (२०१८) या खेळाचे यश वरवर पाहता याउलट वाटते, कारण त्यातील दृश्ये खरोखरच प्रभावी होती. परंतु तो विनामूल्य होता, मध्यम किमतीच्या संचावर चालत होता आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे चार मित्र एकमेकांशी बोलत तो खेळू शकत होते. शंभर खेळाडू, क्रमाने आकुंचन पावणारे रणक्षेत्र आणि सुमारे अर्ध्या तासाचा डाव, ही त्याची रचना होती. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली. जुलै २०२२ मध्ये तीही रोखली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. प्रत्येक खंडानंतर खेळाडू परतले. जमलेली चौकडी मोडली नव्हती.

पुण्यात निर्माण झालेल्या खेळांत ‘राजी’ (२०२०) हा भारतीय पुराणकथा, चित्रशैली व वास्तुशिल्प यांचा उत्तम वापर करणारा, एकट्याने खेळावयाचा खेळ आहे. जाणकारांनी तो वाखाणला. ‘इंडस’ (२०२४) या पुण्याच्याच दुसऱ्या खेळाने मात्र अनेकांच्या झुंजीचा मार्ग धरला.

या आकर्षणाची दुसरी बाजूही आहे. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस माणसास अधिक काळ गुंतवून ठेवते, हे मानसशास्त्रास परिचित असलेले तत्त्व अनेक खेळांत पैसे काढण्यासाठी वापरले जाते. बंद पेटीत काय निघेल हे न सांगता ती विकणे, हा त्याचाच प्रकार होय. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन रमीत तर दैव व कौशल्य यांच्या मिश्रणाची जुनी गोडी थेट द्रव्यहानीस कारण झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली व ई-क्रीडेस उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. पालकांना दोन्ही प्रकार सारखेच वाटतात. कायद्याने ते वेगळे मानले, हे योग्यच झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळविकाराचा समावेश आहे. त्याच्या निदानासाठी खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे आणि हानी होत असूनही खेळ चालूच राहणे ही लक्षणे सामान्यतः किमान बारा महिने दिसावी लागतात. नुसत्या तासांच्या मोजणीवरून हे निदान करता येत नाही.