वैद्यकीय गोपनीयता

वैद्यकीय गोपनीयता : उपचार वा तपासणी करताना रुग्णाविषयी कळलेली माहिती त्याच्या संमतीवाचून इतरांस न सांगण्याचे वैद्यावरील बंधन. हिप्पॉक्राटीझच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ग्रीक प्रतिज्ञेत ते आढळते. चरकसंहितेच्या विमानस्थानातही रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याचा उपदेश शिष्यास केलेला आहे. तथापि या दोन्ही ठिकाणी ते वैद्याचे कर्तव्य आहे. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क होय, ही कल्पना आधुनिक आहे.

फ्रान्सच्या १८१० च्या दंडसंहितेने रुग्णाचे गुपित फोडणे हा गुन्हा ठरविला. याउलट इंग्लंडमध्ये किंग्स्टनच्या डचेसवरील खटल्यात (१७७६) वैद्यास साक्ष देण्यापासून सूट नाही, असा निर्णय झाला. भारतीय पुरावा अधिनियमानेही (१८७२) वकिलास दिलेले संरक्षण वैद्यास दिले नाही.

औद्योगिकीकरणानंतर या संबंधात मालक हा तिसरा पक्ष आला. मालकाने नेमलेल्या वैद्याचे वेतन मालकाकडून येते, परंतु त्याच्यापुढे येणारा कामगार हा रुग्णच असतो. यातून निष्ठेचा पेच निर्माण होतो. कारखाने अधिनियमाने (१९४८) शिशाची विषबाधा, सिलिकामयता इ. व्यवसायजन्य रोगांची खबर मुख्य कारखाना निरीक्षकास देणे वैद्यावर बंधनकारक केले. येथे गोपनीयतेस घातलेली मर्यादा कामगाराच्याच संरक्षणासाठी होती. नोकरी देताना वा काढून घेताना केलेल्या चौकशीचा हेतू मात्र अनेकदा वेगळा असतो.

आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात स्त्री उमेदवारांना मासिक पाळी व गर्भधारणा यांविषयी प्रश्न विचारले जात. त्यांची उत्तरे खोटी दिल्याचे कारण दाखवून एका परिवीक्षाधीन स्त्रीस १९९० मध्ये सेवामुक्त करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तिला पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला आणि ते प्रश्न वगळण्यास सुचविले. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, काम करण्यास समर्थ असलेल्या व इतरांस धोका नसलेल्या कामगारास केवळ एचआयव्ही संसर्गामुळे नोकरी नाकारता येणार नाही, असे ठरविले. तसेच वादीस टोपणनावाने दाद मागू दिली. हा हक्क निरपवाद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रुग्णालयाने केलेल्या प्रकटीकरणाविषयीच्या एका दाव्यात स्पष्ट केले.

पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनोरुग्णाच्या माहितीस संरक्षण दिले. एचआयव्ही व एड्सविषयक अधिनियमाने (२०१७, अंमल २०१८ पासून) नोकरीची अट म्हणून एचआयव्ही चाचणी घेण्यास मनाई केली.

नोकरीच्या गरजेपोटी उमेदवाराने दिलेली संमती कितपत स्वेच्छेची असते, हा प्रश्न उरतोच. म्हणून वैद्याने मालकास उमेदवार कामास योग्य आहे की नाही एवढेच कळवावे, रोगाचे निदान कळवू नये, हे तत्त्व महत्त्वाचे ठरते. गुपित फुटेल या भीतीने कामगार रोग लपवू लागला, तर त्याच्या आरोग्याबरोबरच सहकाऱ्यांचे आरोग्यही धोक्यात येते.