ड्रुइड पंथ

प्राचीन केल्टिक समाजातील धर्मविधी, न्यायनिवाडा आणि विद्या सांभाळणारा वर्ग. गॉल (आजचा फ्रान्स व लगतचा प्रदेश), ब्रिटन आणि आयर्लंड येथे तो होता. अठराव्या शतकापासून ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या आधुनिक उपासनापंथालाही हेच नाव आहे. या दोहोंमध्ये अखंड परंपरा असल्याचा पुरावा मिळत नाही.

साधने : ड्रुइडांनी आपली विद्या लिहून ठेवली नाही. त्यामुळे त्यांच्याविषयीचे बहुतेक लेखन परक्यांचे, पुष्कळदा शत्रूंचे आहे. ज्यूलिअस सीझरने गॉलच्या युद्धाच्या वृत्तांतात (सहावा खंड) सर्वांत सलग वर्णन दिले आहे. ड्रुइडांना युद्ध व करभार माफ होता. शिक्षण कधीकधी वीस वर्षे चाले व सगळे पद्यरूपाने मुखोद्गत करावे लागे. हिशेब आणि व्यवहारासाठी मात्र ग्रीक लिपी वापरली जाई. त्यांचा निवाडा न मानणाऱ्याला यज्ञबलीच्या विधीला बंदी होई आणि ही शिक्षा सर्वांत कडक मानली जात असे. आत्मा मरत नाही, एका देहातून दुसऱ्यात जातो, ही त्यांची मुख्य शिकवण सीझरने नोंदवली आहे. स्ट्रेबोने बार्ड (स्तुतिगायक), वाते (शकुन पाहणारे) आणि ड्रुइड असे तीन वर्ग सांगितले आहेत. नावानिशी माहीत असलेला ड्रुइड म्हणजे एदुई जमातीचा दिविसिआकस. तो भविष्यकथन करी असे सिसेरो सांगतो. सीझरचा त्याच्याशी निकटचा संबंध होता, पण तो त्याला कोठेही ड्रुइड म्हणत नाही.

ओकवर वाढलेले मिसलटो हे बांडगूळ चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातील ड्रुइड सोन्याच्या विळ्याने कापतो आणि दोन पांढरे बैल बळी दिले जातात, हे बहुपरिचित वर्णन एकट्या थोरल्या प्लिनीचे आहे. नरबळीचे उल्लेख अनेक रोमन व ग्रीक लेखकांत आहेत. त्यांत प्रत्यक्ष किती आणि जेत्यांचा प्रचार किती, याविषयी मतभेद आहेत.

कोलीन्यीचे पंचांग : परक्यांच्या वर्णनांपेक्षा या साधनाचे मोल फार मोठे आहे. पूर्व फ्रान्समधील कोलीन्यी येथे 1897 मध्ये एका देवतेच्या ब्राँझ पुतळ्याच्या अवशेषांसह एका ब्राँझपत्र्याचे सुमारे दीडशे तुकडे मिळाले. ते जोडल्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचा, सोळा स्तंभांचा, पाच वर्षांचा कालपट दिसू लागला. तो आज लीआँ येथील संग्रहालयात आहे. लिपी रोमन, भाषा गॉलिश. काळ बहुधा इ. स. दुसरे शतक. प्रत्येक दिवसाशेजारी एक भोक आहे. त्यात खुंटी बसवून ती रोज पुढे सरकवीत असावेत.

महिने 30 किंवा 29 दिवसांचे. तिसांच्या महिन्यांपुढे सामान्यतः ‘मात’ व एकोणतिसांच्या महिन्यांपुढे ‘अन्म’ अशी खूण आहे. त्यांचा अर्थ शुभ-अशुभ किंवा पूर्ण-अपूर्ण असा लावतात. ‘एक्वोस’ महिना मात्र 30 दिवसांचा असूनही ‘अन्म’ आहे. पंधरा दिवसांनंतर ‘अतेनूक्स’ हा शब्द येतो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. आपल्याकडील दोन पक्षांची मोजणी जाणणाऱ्याला ही रचना लगेच उमगते. पाच वर्षांच्या साठ महिन्यांत दोन अधिक महिने घालून बासष्ट केले आहेत, म्हणजे अडीच वर्षांनी एक अधिकमास. महिन्याचा आरंभ चंद्राच्या कोणत्या कलेला होई आणि ‘सामोनिओस’ उन्हाळ्यात येई की हिवाळ्याच्या तोंडाशी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पत्र्यावर ड्रुइडांचा उल्लेख नाही. तरीही इतके काटेकोर गणित पिढ्यान्‌पिढ्या टिकवणारा दुसरा वर्ग गॉलमध्ये दाखवता येत नाही. ते तोंडपाठ विद्येतूनच आले असावे, हे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

ऱ्हास : टायबेरिअस व क्लॉडिअस या रोमन सम्राटांच्या काळात ड्रुइडांवर बंदी आली. इ. स. 60 किंवा 61 मध्ये रोमन सेनानी स्वेटोनिअस पॉलिनस याने वेल्सलगतच्या मोना (अँगलसी) बेटावर स्वारी करून तेथील पवित्र राया तोडल्या. टॅसिटसने मशाली घेतलेल्या काळ्या वस्त्रांतील स्त्रिया आणि आकाशाकडे हात उंचावून शाप देणारे ड्रुइड वर्णिले आहेत.

आयर्लंड : ड्रुइडांच्या कथा ख्रिस्ती मठांत लिहिल्या गेल्या.

पुनरुज्जीवन : जॉन ऑब्रीने तसा तर्क केल्यानंतर विल्यम स्टकलीने 1740 च्या ग्रंथात स्टोनहेंज हे ड्रुइडांचे मंदिर ठरवले. प्रत्यक्षात त्या शिळा ड्रुइडांच्या पहिल्या उल्लेखाच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी उभारलेल्या आहेत. 1781 मध्ये लंडनला ‘एन्शंट ऑर्डर ऑफ ड्रुइड्स’ ही मंडळी स्थापन झाली. वेल्श कवी योलो मोर्गानुग याने 1792 मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर ‘गोर्सेद’ हा कविसभेचा विधी केला. त्याने प्राचीन म्हणून पुढे आणलेले पुष्कळसे साहित्य त्याचे स्वतःचेच होते, हे पुढे सिद्ध झाले. गोर्सेद मात्र वेल्सच्या राष्ट्रीय काव्योत्सवात आजही मानाने होतो आणि वेल्श भाषेचे त्यात मोठे हित आहे.

सद्यःस्थिती : रॉस निकल्सने 1964 मध्ये ‘ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स’ स्थापन केली, तिचे तीन टप्प्यांचे शिक्षण जगभर चालते. वर्षातले आठ सण, निसर्गपूजन आणि ‘आवेन’ (प्रेरणा) ही उपासनेची सामान्य अंगे आहेत. सर्वमान्य ग्रंथ नाही. इंग्लंड व वेल्सच्या धर्मादाय आयोगाने 2010 मध्ये ‘ड्रुइड नेटवर्क’ला नोंदणी दिली.