यास्मीन म्हणजे जाई

“सर, यास्मीन हे नाव इस्लामी आहे का?” बीड जिल्ह्यात शिकवताना हल्ली पालकांकडून हा प्रश्न ऐकू येतो. कुरआनात हे नाव नाही, म्हणून शंका. आजीचं नाव यास्मीन असलेल्या घरातही नातीसाठी आता मोबाईलवर ‘शुद्ध’ अरबी नाव शोधलं जातं.

कुरआनात ‘रैहान’ आहे, सूरह रहमानमध्ये. सुगंधी वनस्पती असा त्याचा अर्थ. त्यावरून रेहान, रेहाना. यास्मीन तिथं नाही हे खरं. हा शब्द मुळात अरबीही नाही. इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत तो ‘यासमन’ असा होता. अरबीनं तो आपलासा केला, पुढे युरोपात त्याचं ‘जॅस्मिन’ झालं. पण कुरआनात नसलेलं नाव इस्लामी नाही, हा नियम कुठला? प्रेषितांनी (स.) कितीतरी सहाबांची इस्लामपूर्व नावं तशीच राहू दिली, बदलली ती वाईट अर्थाची. फुलाच्या नावात वाईट ते काय?

आणि हे फूल परकं तरी कुठं आहे? जाई, जुई, चमेली, मोगरा ही सगळी यास्मीनच्याच कुळातली. संस्कृत ‘जाती’वरून मराठीत ‘जाई’ आली. शेजारच्या घरात मुलीचं नाव जाई असेल आणि आपल्याकडे यास्मीन, तर दोघींच्या नावाला वास एकच.

आपल्याकडे जुन्या बायकांची नावं गुलाबबी, चांदबी अशी. यास्मीन, नसरीन, परवीन ही मंडळी नंतरच्या पिढीतली.

मराठी शुद्धलेखनाचा विषय निघाला की पहिलं नाव आठवतं तेही यास्मिन शेख यांचंच. २१ जून १९२५ चा जन्म, घर ज्यू, माहेरचं नाव जेरुशा. लग्नानंतर त्या यास्मिन शेख झाल्या. ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ त्यांचीच. गंमत म्हणजे मराठीच्या नियमानं उपान्त्य ‘मी’ दीर्घ हवी, उर्दूतही ती दीर्घच. पण बाईंचं नाव बहुतेक ठिकाणी ऱ्हस्व छापलेलं दिसतं. विशेषनाम ज्याचं त्याचं, हे मान्य.

आमच्या मुलींना मात्र ही मुभा परवडत नाही. शाळेच्या दाखल्यावर यास्मिन, आधारवर यासमीन, बँकेच्या पासबुकावर यास्मीन, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महिनोन्‌महिने अडकलेला. इस्लामी की नाही यावर तासभर बोलणारे पालक प्रवेश अर्ज भरताना ‘तुम्हीच लिहा सर, कसंही’ म्हणतात.