यांत्रिक ब्रेकची जुळणी (विंटेज मोटारगाड्या)

पेडलवर पडलेला पायाचा जोर द्रवाच्या मदतीवाचून, केवळ गज, तारा, तरफा व सांधे यांच्याद्वारे चाकांपर्यंत नेणाऱ्या ब्रेकमध्ये तो जोर चारही चाकांना योग्य प्रमाणात मिळावा म्हणून जी मांडणी करावी लागते, तिला यांत्रिक ब्रेकची जुळणी म्हणतात. द्रवचालित ब्रेकमध्ये दाब नळ्यांतून आपोआप सारखा पसरतो; यांत्रिक ब्रेकमध्ये मात्र हा समतोल कारागिराला प्रत्येक चाकाशी बसून साधावा लागतो.

ड्यूसेनबर्गने १९२१ मध्ये व क्रायस्लरने १९२४ मध्ये द्रवचालित ब्रेक आणले, तरी फोर्डने आपल्या गाड्यांत ते १९३९ च्या मॉडेलपासूनच घेतले. त्यामुळे फोर्डची ‘मॉडेल ए’ ही मोठ्या संख्येने विकली गेलेली गाडी गजांच्या ब्रेकचीच होती. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये तेथेच मोटारगाड्यांच्या जोडणीचा कारखाना काढला. सुरत हा त्या काळी मुंबई इलाख्यातलाच, मुंबई-अहमदाबाद मार्गावरचा जिल्हा असल्याने अशा गाड्या तेथेही पोहोचणे शक्य होते.

पेडल दाबताच गाडीखालचा आडवा दांडा फिरतो, त्याला जोडलेले गज ओढले जातात व ड्रममधील कॅम किंवा पाचर ब्रेकचे शू बाहेर ढकलते. शूवरील लायनिंग झिजले की शू व ड्रम यांतील फट वाढते आणि पेडल खोल जाऊ लागते. अशा वेळी गज आखूड करण्याचा मोह होतो. या कामातील सर्वांत घातक चूक तीच होय, कारण गज व तरफ यांचा कोन ब्रेक पूर्ण लागताना काटकोनाच्या जवळ असेल तरच ओढीचा पुरेपूर उपयोग होतो आणि गज आखूड केल्यास हा कोन बिघडून पाय कितीही दाबला तरी जोर वाया जातो. झीज ड्रमपाशीच भरून काढावी, गजाची लांबी फक्त भूमिती राखण्यासाठी बदलावी, हा नियम म्हणूनच पाळावा लागतो.

प्रत्यक्षात गाडी भक्कम स्टँडवर उचलून, हँडब्रेक सोडून व गज सुटे करून प्रथम झिजलेल्या पिना आणि बुश बदलतात. सांध्यांतील ढिलाई तशीच ठेवून केलेली जुळणी टिकत नाही. मॉडेल एमध्ये बॅकप्लेटवरील (ड्रममागच्या स्थिर तबकडीवरील) चौकोनी डोक्याचा स्क्रू चाक घासू लागेपर्यंत आवळून ते मोकळे फिरेल इतपत मागे घेतात. मग तरफा विसाव्याच्या स्थितीत असताना, त्यांना ताण न देता पिन सहज बसेल अशा लांबीचे गज जोडतात. शेवटी पेडल एका टेकूने थोडे दाबून ठेवून प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहतात. पुढची चाके आधी जाम झाल्यास गाडी वळवता येत नाही, म्हणून त्या गाड्यांत मागचे ब्रेक किंचित आधी धरतील असे ठेवीत.

तापीकाठच्या व समुद्राजवळच्या सुरतेत दमट हवेमुळे पिना गंजतात व तारा आपल्या नळीत चिकटतात. ऑगस्ट २००६ च्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाडीचे ड्रम उघडून कोरडे केल्याविना जुळणीला हात घालू नये. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदलेली, म्हणजे ५० वर्षांहून जुनी गाडी नित्य वापरता येत नाही. ती प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर येते. बराच काळ उभ्या राहणाऱ्या अशा गाडीत पावसाळ्यानंतर सांध्यांना ग्रीस देणे व शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा तपासणे आवश्यक ठरते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील भुकटी हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

अखेरची तपासणी मोकळ्या, सपाट व कोरड्या रस्त्यावर कमी वेगाने करतात. ब्रेक लावताच गाडी डावीकडे ओढली गेली तर डाव्या बाजूचे चाक अधिक धरते असे समजून, तेल किंवा ग्रीस लागून उजवी बाजू निसटत तर नाही ना हे पाहिल्यावरच, डावा स्क्रू थोडा सैल करतात. उजवा अधिक आवळल्यास त्या बाजूचे लायनिंग सतत घासून ड्रम तापण्याचा धोका असतो.