ईईजी प्रयोगातील घटना-नोंदी

डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडद्वारे मेंदूतील विद्युत लहरी टिपण्याच्या तंत्राला ईईजी म्हणतात. प्रयोगात चित्र कधी दिसले, आवाज कधी झाला, बटण कधी दाबले, याची वेळेसह ठेवलेली यादी म्हणजे घटना-नोंद किंवा इव्हेंट लॉग. त्यातील प्रत्येक नोंदीला मार्कर म्हणतात.

एका आवाजाला मेंदूने दिलेला प्रतिसाद इतर लहरींत बुडून जातो. म्हणून तोच आवाज अनेकदा ऐकवून प्रत्येक मार्करभोवतीच्या लहरींचे तुकडे वेगळे काढतात व त्यांची सरासरी घेतात. मार्करच्या वेळा मागेपुढे झाल्या, तर सरासरीतला प्रतिसादही पुसट होतो.

सेकंदाला ६० वेळा ताजे होणाऱ्या पडद्यावर एक फ्रेम चुकली, तरी सुमारे १६.७ मिलिसेकंदांचा फरक पडतो. उशीर नेहमी सारखाच असेल, तर प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरने तो एकदा मोजून वजा करता येतो. बदलता उशीर मात्र दर वेळी मोजावा लागतो.

सायकोपाय हे सॉफ्टवेअर चित्रे दाखवते आणि मार्कर पाठवते. लॅब स्ट्रीमिंग लेयर निरनिराळ्या उपकरणांच्या वेळांचा मेळ घालते. पुढचे विश्लेषण एमएनई-पायथन किंवा ईईजीलॅबमध्ये होते. दुरुस्त्या नेहमी प्रतीत कराव्यात. मूळ नोंद बदलली, तर चूक नेमकी कुठे झाली हे नंतर शोधता येत नाही.