नभोनाट्य ऐकताना रेडिओ वळवून ठेवणे

१४. ‘आजोबांनी रेडिओ वळवून ठेवला’ : म्हसावद (ता. शहादा, तेव्हा धुळे जिल्हा, १ जुलै १९९८ पासून नंदुरबार) मुंबईपासून फार दूर. मध्यम लहरी रात्री आकाशातील वरच्या थरावरून परावर्तित होतात, त्यामुळे दिवसा न लागणारे केंद्र अंधार पडल्यावर ऐकू येई. ट्रान्झिस्टरमधील फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज सर्वांत स्पष्ट. म्हणून ही वळवावळवी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी यांची ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका अशीच घराघरांत जिवाचे कान करून ऐकली गेली. लेखकाची नाटकाशी पहिली ओळख रंगमंचावर नव्हे, ओसरीवरच्या अंधारात झाली, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. — संपा.