तुरीच्या मुळाशीं चालणारा संवाद

जालना हा निराळा जिल्हा इ. स. १९८१ मध्यें झाला. पण तेथील काळ्या जमिनीचें कडधान्यांशीं असलेलें नातें त्याहून फार जुनें आहे. तूर, मूग किंवा हरभरा निघालेल्या रानांत पुढचें पीक जोमानें येतें. यालाच शेतकरी उत्तम बेवड म्हणतात. या अनुभवाची उपपत्ति विज्ञानास केव्हां व कशी लागली, तो इतिहास वाचकांस थोडक्यांत सांगावा असा आमचा हेतु आहे.

हवेंत सुमारें ७८ टक्के नत्रवायु असतो. परंतु तो जसाच्या तसा पचवितां येत नसल्यामुळें झाड त्या सागरांत उभें राहूनहि उपाशीच राहतें. हेल्रीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६ ते १८८८ या काळांत दाखवून दिलें कीं, वाटाण्यासारख्या द्विदल झाडांस हवेंतील नत्र मिळतो तो मुळांवरील गाठींमुळें, आणि जंतु मारून टाकलेल्या वाळूंत या गाठी येतच नाहींत. १८८८ मध्येंच हॉलंडांतील बायेरिंक यानें गाठींतील जीवाणु निराळे काढून वाढविले. ‘रायझोबियम’ म्हणतात ते हेच.

तरीहि एक कोडें उरलें. हे जीवाणु मातींत एकटे असतां सहसा नत्र बांधीत नाहींत. शिवाय हरभऱ्याचा जीवाणु तुरीच्या मुळांवर गाठी धरीत नाहीं. मग आपलें झाड जवळ आलें, हें त्या नेत्रहीन जीवास कळतें तरी कसें ?

याचें उत्तर मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १९८६ मध्यें अमेरिकेंत शॅरन लाँग व त्यांचे सहकारी यांनीं लसूणघासाच्या बियांतून पाझरणारें ल्युटिओलिन नांवाचें द्रव्य ओळखलें. जीवाणूच्या शरीरांत ‘नॉड-डी’ नांवाचें एक प्रथिन जणूं पहाऱ्यावर बसलेलें असतें. त्यास आपल्या झाडाचें द्रव्य भेटलें, कीं तें गाठी घडविणाऱ्या निद्रिस्त जनुकांस जागें करतें. मग जीवाणु उलट निरोप धाडतो. तो निरोप म्हणजे शर्करेच्या लहानशा सांखळीस जोडलेलें स्निग्धाम्ल, हें फ्रान्समधील संशोधकांनीं १९९० मध्यें उकललें. तो पोंचतांच मुळाचा केंस वांकतो, जीवाणु आंत शिरतो व गाठ धरते.

पण गाठ धरली म्हणजे काम संपलें असें नव्हे. नत्र बांधणारें विकर प्राणवायूनें नासतें. म्हणून रक्तांतील हिमोग्लोबिनाचें भावंड शोभेल असें एक तांबडें द्रव्य गाठींत प्राणवायु आवरून धरतें. तो घटल्याची वर्दी ‘फिक्स-एल’ हें प्रथिन देतें, आणि मगच नत्र बांधणारीं जनुकें कामास लागतात. जोमदार गाठ चिरली असतां आंतून गुलाबी दिसते ती याचमुळें.

हें ज्ञान केवळ प्रयोगशाळेच्या कौतुकाचें नाहीं. जालना जिल्ह्यांत बदनापूर येथें परभणीच्या कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्र कडधान्यांवर काम करतें. ‘बीडीएन ७११’ या तुरीच्या वाणाच्या नांवांतील अक्षरें बदनापूरचींच आहेत. परंतु वाण कितीहि उत्तम असला, तरी मुळाशीं ओळख पटली नाहीं तर त्यास नत्र बाहेरूनच घालावा लागतो. म्हणून गुळाच्या पाण्यांत कालवून बियाण्यास चोळावयाचें जीवाणु-संवर्धन त्या त्या पिकाच्या गोत्राचेंच हवें. मूग, उडीद व तूर यांचें गोत्र एक; हरभऱ्याचें निराळें. तसेंच नत्रखत भरमसाट ओतलें, तर झाड स्वतःच गाठी धरण्याचें आवरतें. पोट भरलेला यजमान पाहुण्यास हांक मारीत नाहीं. पावसाच्या भरंवशावर चालणाऱ्या शेतींत खताची प्रत्येक गोणी ही एक जोखीमच असते. जें मूळ मागितल्यावांचून देण्यास सिद्ध आहे, त्याचें तोंड पैसे खर्चून बंद करावें, हा व्यवहार आम्हांस तरी आंतबट्ट्याचा वाटतो.